लग्नाची फुलं: नावं नंतर, आधी तास मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्न सहा महिन्यांवर आलंय, दुपारी उघड्या लॉनवर समारंभ, संध्याकाळी हॉलमध्ये रिसेप्शन, फोटो बघून बघून पांढरी हायड्रेंजिया, पिओनी आणि सोबत काहीतरी निळं असं मनात बसलंय. तर हीच फुलं घ्यावीत का, किती लागतील, आणि घरच्यांनी मिळून काही काम करता येईल का.

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

फुलांच्या बाबतीत बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी फुलाचं नाव ठरतं, मग रंग ठरतो, मग फोटोतल्यासारखी सजावट हवी म्हणून डेकोरेटरला फोन जातो, आणि ते फूल त्या दिवशी कुठे असणार, उन्हात की एसीत, पाण्यात की कोरडं, आणि किती तास, हे कुणी विचारतच नाही. मी हेच काम बरीच वर्षं करतेय आणि माझं एकच म्हणणं असतं, फूल पाण्यातून बाहेर निघाल्यापासून शेवटचा फोटो निघेपर्यंत किती तास जाणार ते आधी लिहून काढा. तो आकडा समोर आला की अर्धी निवड आपोआप होते.

एक कागद घ्या. हातातला बुके, केसातली फुलं, गळ्यातले हार, कोटावरचं फूल, प्रवेशाची कमान, समारंभाची जागा, टेबलं, केक, फोटोची भिंत, जे जे असेल ते एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर तीनच गोष्टी लिहायच्या: पाणी मिळणार का, ऊन किंवा वारा लागणार का, आणि किती वेळ टिकायला हवं. आता बघा, टेबलावरचं फूल फ्लॉवरपॉटमध्ये पाण्यात आहे, एसीत आहे, त्याचं टेन्शनच नाही, तिथे जवळपास काहीही चालतं. पण केसातलं फूल सकाळी दहाला पिनने लागलं आणि रात्री अकराला निघणार असेल तर ते तेरा तास बिनपाण्याचं आहे, वरून अंगाची उष्णता, हेअरस्प्रे, मिठ्या मारणारे नातेवाईक. या दोन जागांना एकच फूल लावायचा हट्ट धरला की गडबड होते.

बिनपाण्याच्या जागांसाठी माझी ठरलेली फुलं आहेत. ऑर्किड, त्यातही डेंड्रोबियम आणि सिम्बिडियम, पाकळी जाड असते आणि दिवसभर तशीच राहते. कार्नेशन, ज्याला लोक उगाच स्वस्तातलं म्हणून नाक मुरडतात, पण सात-आठ कार्नेशन जवळजवळ बांधली की लांबून कुणाला कळतही नाही ती काय आहेत, नुसती भरगच्च फ्रिल दिसते. शेवंती, झेंडू, स्टॅटिस, छोटे स्प्रे गुलाब, हेही चालतात. पानांमध्ये रस्कस, हा तर पाण्याशिवाय दिवस सहज काढतो, म्हणून कमानीच्या वेली बहुतेक वेळा रस्कसच्याच करतात. निलगिरीची पानंही बरी टिकतात. बिनपाण्याच्या जागी ज्यांच्या वाटेला जाऊ नये ती म्हणजे हायड्रेंजिया, स्वीट पी, ट्युलिप, डेलिया. नाजूक पाकळीच्या फुलांना तिथे ठेवून मग ती सुकली म्हणून फुलवाल्यावर चिडण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या हायड्रेंजियाकडे येते. फूल सुंदर आहे, एक दांडी चार गुलाबांची जागा भरते, म्हणून डेकोरेटर लोकांचं लाडकं आहे. पण त्याला पाणी प्रचंड लागतं आणि ते नुसतं दांडीतून पीत नाही, पाकळ्यांतूनही पितं (म्हणजे आपण पाकळ्या म्हणतो त्या खरं तर निदलं असतात, असो). दुपारच्या उन्हात, वाऱ्यात, फोममध्ये (फुलं खोचायचा तो पाणी धरणारा हिरवा ठोकळा) खोचलेलं हायड्रेंजिया तासा-दोन तासांत मान टाकू शकतं. मान टाकलेलं हायड्रेंजिया वाचवता येतं, हे माहीत असू द्या: दांडी पुन्हा कापायची, टोक तुरटीच्या पावडरीत बुडवायचं, आणि अख्खं डोकं वीस-तीस मिनिटं गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं, बहुतेक वेळा परत टवटवीत होतं. पण भर समारंभात कमानीवर चढून बादली कोण धरणार? म्हणून लॉनवर हायड्रेंजिया नको, हॉलमध्ये टेबलांवर, खोल पाण्यात, खुशाल घ्या. लॉनवर तसाच पांढरा भरीव ढग हवा असेल तर पांढरी कार्नेशन आणि पांढरी शेवंती एकत्र गुच्छाने लावा, मधे मधे गुलाब. फोटोत फरक सांगता येणार नाही, पैज लावते.

पिओनीचं गणित वेगळं, तिथे प्रश्न टिकण्याचा नाही, कॅलेंडरचा आहे. पिओनीला थंडी लागते, नीट गारठा मिळाल्याशिवाय ती फुलतच नाही. उत्तर गोलार्धात तिचा मुख्य हंगाम साधारण एप्रिल ते जून. दक्षिण गोलार्धातली, म्हणजे न्यूझीलंड, चिलीकडची, नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास येते, आणि अलास्कात गारव्यामुळे हंगाम उशिरा म्हणजे जुलै-ऑगस्टकडे सरकतो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटीही थोडा माल बाजारात दिसतो. तुमची तारीख या खिडक्यांच्या बाहेर पडत असेल तर पिओनी विसरा, आणि आत पडत असेल तरी सगळं तिच्यावर अवलंबून ठेवू नका, कारण ती कळी असताना कापतात, आणि कळी उघडायला किती वेळ घेईल ते तिच्या मनावर असतं. कळी बोटांनी हलकेच दाबून बघायची, मार्शमॅलोसारखी मऊ लागली पाहिजे. खड्यासारखी कडक कळी बरेचदा उघडतच नाही. पिओनीऐवजी तोच भरगच्च, पाकळ्यांवर पाकळ्या असा लूक हवा असेल तर गार्डन गुलाब घ्या, म्हणजे कपासारखे गोल उघडणारे. गुलाबाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिनचा फिक्या जर्दाळू रंगाचा ज्युलिएट गुलाब २००६ मध्ये लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये आला आणि तेव्हापासून लग्नांच्या फुलांत हा प्रकार जो घुसलाय तो अजून हटलेला नाही. किंवा मग लिसिअँथस घ्या. लिसिअँथस माझं सगळ्यात आवडतं कामाचं फूल, दिसायला गुलाब आणि पिओनीच्या मधलं, एका दांडीला तीन-चार फुलं आणि वर कळ्या, पाण्यात दहा-बारा दिवस टिकतं, काटे नाहीत, आणि बहुतेक लोकांना नावही माहीत नसतं त्यामुळे सगळे विचारतात हे कुठलं.

डेलियाबद्दलही एक वाक्य, कारण पुढचा प्रश्न तोच येणार: ती कापल्यावर पुढे उघडत नाही, पूर्ण उमललेलीच कापावी लागते आणि पाण्यातही चार-पाच दिवसच राहते, म्हणून आदल्या दिवशी किंवा त्याच पहाटे हातात आली तरच घ्या.

निळ्याचं काय. खरा निळा रंग फुलांत फार कमी आहे. डेल्फिनियम, निळं हायड्रेंजिया, कॉर्नफ्लॉवर, मस्कारी, निळसर आयरिस, इरिंजियम म्हणजे ते काटेरी चंदेरी-निळं, एवढ्यात यादी जवळजवळ संपते. गुलाबात निळा नसतोच, कारण निळ्या रंगासाठी सहसा लागणारं डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य गुलाब बनवत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं घालून एक गुलाब केला, २००९ पासून विकायला आणला, आणि तोही निळा कमी, फिका जांभळाच जास्त दिसतो. त्यामुळे बाजारात गडद निळा गुलाब दिसला की तो रंगवलेला समजा. रंगवलेलं फूल ओलं झालं की रंग सोडतं, आणि शेजारी पांढरे कपडे असतील तर पुढचं मी सांगायला नको. हार आणि बुकेत रंगवलेली फुलं मी घालत नाही, कितीही आग्रह झाला तरी. टेबलावर हवी तर ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर निळा रंग फुलांवर लादूच नका. निळा कापडात आणा, रिबिनीत आणा, मेणबत्त्यांत, फ्लॉवरपॉटच्या काचेत आणा, आणि फुलं पांढरी-फिकी-हिरवी ठेवा. शिवाय संध्याकाळच्या हॉलमध्ये निळी-जांभळी फुलं हरवतात. हा मुद्दा कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगते. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, पिवळ्या बल्बचा २७०० केल्विनच्या आसपास, म्हणजे त्यात निळा भाग जवळपास नसतोच. जो रंग उजेडातच नाही तो फूल परत फेकणार कुठून? त्यामुळे दुपारी झक्क दिसणारं डेल्फिनियम रात्री काळपट राखाडी दिसतं, गडद मरून गुलाब चक्क काळा वाटतो. पांढरा, क्रीम, पीच, फिका पिवळा, फिका गुलाबी हे रंग अशा उजेडात उठून दिसतात. आणि हॉलवाल्याने भिंतीवर जांभळट-गुलाबी एलईडी लावले असतील तर हिरवी पानं मळकट काळी दिसतात, कारण त्या उजेडात हिरवा भागच नसतो. हॉल बुक करताना लायटिंगवाल्याला विचारा कुठल्या रंगाचे दिवे लागणार, आणि टेबलांच्या फुलांवर साधा वॉर्म व्हाइट पडेल असं सांगून ठेवा. या एका फोनने जेवढा फरक पडतो तेवढा महागातली फुलं घेऊन पडत नाही.

पांढऱ्याचे स्वतःचे नखरे आहेत. पांढरा म्हणून मागितलेल्या फुलांत एक निळसर पांढरं, एक क्रीम, एक हिरवट असं येतं. एकमेकांशेजारी ते सुंदर दिसतं, पण शुभ्र पांढऱ्या कपड्याला खेटून क्रीम फूल धरलं की फूल शिळं वाटतं. कपड्याचा एक तुकडा फुलवाल्याला द्या, फोटो पाठवू नका, मोबाईलच्या स्क्रीनवर रंग बदलतो. दुसरं म्हणजे पांढऱ्या पाकळीवर बोटाचा दाबही उमटतो. गार्डेनिया आणि स्टेफनोटिस तर हात लावला की काही तासांत तपकिरी डाग धरतात, त्यांना हाताळताना बोटं ओली ठेवतात. घरच्यांनी मिळून करायचं असेल तर शुभ्र पांढरी, पातळ पाकळीची फुलं टाळा, थोडी रंगीत, जाड पाकळीची घ्या. ती चुका पोटात घालतात.

गुलाबाबद्दल थोडं, कारण शेवटी सगळे गुलाबावरच येतात. इक्वाडोरच्या कायांबे भागातले किंवा केनियातल्या नैवाशाकडचे गुलाब इतके मोठे आणि लांब दांडीचे का असतात, तर दोन्ही ठिकाणं विषुववृत्ताजवळ आणि उंचावर आहेत, वर्षभर साधारण बारा तास उजेड आणि रात्री गार, त्यामुळे फूल सावकाश वाढतं आणि डोकं मोठं भरतं. मोठ्या डोक्याचे घेतले तर संख्येने कमी लागतात, हे हिशोबात धरा. बंच आला की बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या वेड्यावाकड्या, हिरवट, डागाळलेल्या दिसतील. त्या खराब नाहीत, प्रवासात आतल्या पाकळ्या वाचाव्यात म्हणून मुद्दाम ठेवलेल्या असतात, सजावटीच्या वेळी अलगद काढायच्या. माल बघायचा तो पाकळीवरून नाही, पाकळ्यांच्या बुडाशी हलकेच दाबून. घट्ट लागला तर ताजा, पिचपिचीत लागला तर परत करा. आणि गुलाब लग्नाच्या तीन दिवस आधी हातात हवा, आदल्या दिवशी नको! आदल्या दिवशी आलेला गुलाब लग्नात कळीच राहतो आणि तुम्ही घेतला होता त्याच्या निम्माच दिसतो. लिलीला तर चार-पाच दिवस द्या. उलट हायड्रेंजिया आणि इतर नाजूक फुलं एक-दोन दिवस आधीच घ्यायची. म्हणजे सगळा माल एकाच दिवशी मागवणं हेच मुळात चूक.

एक तारीख मात्र सांभाळा. १४ फेब्रुवारीच्या आगेमागे लग्न असेल तर लाल गुलाब डोक्यातून काढून टाका, जगभरचा बाजार त्या आठवड्यात वेड्यासारखा वागतो.

किती लागतील? फोटो बघून अंदाज बांधू नका, फोटोतला बुके दिसतो त्यापेक्षा बराच जास्त माल खातो. ढोबळ सांगायचं तर मध्यम आकाराच्या, म्हणजे पंचवीस-तीस सेंटिमीटर रुंद गोल बुकेला गुलाबाच्या आकाराची वीस-पंचवीस फुलं आणि वर थोडी पानं. टेबलावरच्या बुटक्या मांडणीला बारा ते अठरा दांड्या. मोठं डोकं असलेली फुलं घेतली तर त्याहून कमी. एकूण हिशोबावर दहा-पंधरा टक्के जास्तीचा माल धराच, कारण काही मोडतं, काही उघडत नाही, काही वाटेत दबतं. कोटावरची फुलं तर दोन-तीन जास्तीची करून पाण्याचा हलका फवारा मारून डब्यात ठेवा, मिठ्या मारताना पहिलं तेच चिरडतं. मोठ्या कमानीचा हिशोब दांड्यांत करूच नका, ती मीटरवर करतात, आणि सगळी कमान भरायची गरज नसते. एका बाजूला वरून खाली उतरणारा एक दाट पट्टा आणि दुसरी बाजू रिकामी, हे अर्ध्या मालात होतं आणि मला तरी पूर्ण भरलेल्या कमानीपेक्षा जास्त आवडतं.

टेबलावरच्या फुलांची उंची हा विषय छोटा पण भांडणाचा आहे. बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर फूल येता कामा नये. एकतर तीस-पस्तीस सेंटिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर बारीक उंच स्टँडवर साठ सेंटिमीटरच्या वर न्या. मधली उंची म्हणजे पाहुणे मान वाकडी करून बोलणार आणि अर्ध्या तासात कुणीतरी ते उचलून खाली जमिनीवर ठेवणार. वासाचंही बघा: ओरिएंटल लिली, निशिगंध, हायसिंथ यांचा वास मोकळ्या जागेत स्वर्ग, बंद हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर डोकेदुखी. यांना प्रवेशाजवळ ठेवा. जिप्सी, म्हणजे जिप्सोफिला, दिसायला गोड पण जास्त प्रमाणात बंद जागेत तिचा वास आंबूस येतो, सध्या नुसत्या जिप्सीचे ढग करायची फॅशन आहे म्हणून सांगितलं, लॉनवर करा.

आता घरी काय करता येईल. टेबलांवरचे छोटे फ्लॉवरपॉट, बाटल्या, कोटाची फुलं, हे घरच्यांनी जरूर करावं. कमान, लटकणाऱ्या गोष्टी, केसातली वायर घातलेली फुलं आणि मुख्य बुके हे करणाऱ्याकडे द्या. कमान कोसळू शकते, ती फुलांची गोष्ट कमी आणि सुतारकामाची जास्त आहे.

घरी करणाऱ्यांसाठी खरं काम सजावट नसून त्याआधीचं पाणी पाजणं आहे, आम्ही कंडिशनिंग म्हणतो. बादल्या आधी साबणाने घासा, आपण त्यातून पाणी पिऊ इतक्या स्वच्छ, कारण फूल मरतं ते बहुतेक वेळा पाणी नसल्याने नाही तर दांडीत जिवाणूंचा बूच बसल्याने. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढा. धारदार सुरीने किंवा कात्रीने दांडी तिरकी दोन-तीन सेंटिमीटर कापा आणि लगेच पाण्यात टाका, हातात धरून गप्पा मारत बसू नका, तेवढ्यात दांडीत हवा शिरते. गुलाबाला कोमट पाणी द्या. पाण्यात फुलं टिकवायची जी पावडर मिळते ती घाला, तिच्यात साखर, आम्ल आणि जिवाणूनाशक असं तिन्ही असतं, नुसती साखर घातली तर जिवाणूंची मेजवानी होते. मग कमीत कमी चार-पाच तास, जमलं तर रात्रभर, गार अंधाऱ्या खोलीत ठेवा. एखाद्या गुलाबाने मान टाकलीच तर दांडी परत कापून, डोक्यापर्यंत कागदात घट्ट गुंडाळून, कोमट खोल पाण्यात उभा ठेवायचा, तासाभरात मान वर.

काही फुलं एकमेकांशी पटवून घेत नाहीत. डॅफोडिल कापल्यावर चिकट रस सोडतं, तो बाकीच्यांच्या, विशेषतः ट्युलिपच्या, दांड्या बंद करतो, म्हणून डॅफोडिल वेगळ्या बादलीत रात्रभर ठेवून, नंतर परत न कापता मिसळायचं. ट्युलिप स्वतः कापल्यावरही वाढत राहतं आणि उजेडाकडे वाकतं, काल एका रेषेत लावलेली ट्युलिप्स आज वेगवेगळ्या दिशांना बघत असतात. ज्यांना शिस्तीची मांडणी हवी त्यांनी तिच्या नादाला लागू नये.

घरच्या फ्रिजबद्दल सगळे विचारतात. फळं आणि फुलं एकत्र कधीच नाही. पिकलेली केळी, सफरचंद इथिलीन वायू सोडतात आणि कार्नेशन, जिप्सी, डेल्फिनियम त्याला फार घाबरतात. कार्नेशनच्या पाकळ्या तर आत मिटून फूल झोपल्यासारखं दिसतं आणि मग ते उठत नाही. फुलवाल्यांच्या कोल्ड रूममध्ये गुलाब एक ते चार अंशांवर ठेवतात, पण डेंड्रोबियमसारखी ऑर्किड आणि अँथुरियम गरम प्रदेशातली, दहा-बारा अंशांच्या खाली गेली की काळे डाग पडतात. त्यामुळे ऑर्किड फ्रिजमध्ये घालणं म्हणजे पैसे देऊन खराब करणं. फ्रिजपेक्षा एसीची खोली, पडदे ओढलेले, पंख्याचा झोत फुलांवर नाही, हे पुरतं. आणि गाडीत फुलं ठेवून जेवायला जाऊ नका, बंद गाडी उन्हात काय होते ते माहीत आहेच.

फोमचं काय करायचं हेही ठरवा. हिरवा फ्लोरल फोम १९५४ पासून वापरात आहे, अमेरिकेतल्या स्मिथर्स यांनी आणला, आणि सजावटीचं काम त्याने फार सोपं केलं यात शंका नाही. पण तो प्लास्टिकच आहे, चुरा होऊन पाण्याबरोबर जातो, आणि ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. मी शक्य तिथे कोंबडीजाळी, म्हणजे खुराड्याला लावतात ती तारेची जाळी, चुरगळून गोळा करून भांड्यात बसवते आणि पाणी भरते, फूल त्यात जास्त टिकतं कारण खरं पाणी मिळतं. फोम वापरायचाच तर पाण्यावर नुसता सोडा, आपोआप बुडू द्या, हाताने दाबून बुडवला तर मधे कोरडा राहतो आणि तिथे खोचलेलं फूल तासाभरात जातं. एकदा सुकलेला फोम परत पाणी नीट धरत नाही.

केकवर फुलं लावणार असाल तर इथे मी कडक आहे. लिली ऑफ द व्हॅली, डेल्फिनियम, फॉक्सग्लोव्ह, कण्हेर, डॅफोडिल, हायड्रेंजिया, ही विषारी आहेत, खाण्याच्या जवळपासही नकोत. लिली ऑफ द व्हॅलीचं तर फ्लॉवरपॉटातलं पाणीही विषारी होतं. आणि गुलाब खाण्याजोगा असला तरी बाजारातला कट गुलाब औषधं फवारलेला असतो, तो खाण्यासाठी वाढवलेला नसतो. केकवर हवीच तर खाण्यासाठी म्हणून फवारणीशिवाय वाढवलेली फुलं मिळवा, नाहीतर साखरेची करून घ्या. घरात मांजर असेल तर लिली घरी आणूच नका, तिचा परागही मांजराच्या किडनीवर जातो. लग्नात लिली असेल तर उमलता उमलताच मधले परागकोश चिमटीने काढून टाका. कपड्यावर पराग पडलाच तर चोळायचं नाही, पाणी लावायचं नाही, चिकटपट्टीने अलगद उचलायचा. हे ज्या कुणाकडे त्या दिवशी सेफ्टी पिना असतील त्या व्यक्तीला सांगून ठेवा.

डेकोरेटरशी बोलताना फुलांची नावं देऊन अडकू नका. लिहून द्या की रंग असा, आकार असा, गोल भरीव फुलं एवढी, लांब दांडीची एवढी, आणि एखादं मिळालं नाही तर बदली काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही. बदलीचा मुद्दा लेखी हवाच, कारण शेतात पाऊस पडला, विमान चुकलं, काहीही होतं, आणि लग्नाच्या आदल्या रात्री दहा वाजता फोनवर हा निर्णय घ्यायला कुणालाच नको असतो. एका टेबलाची मांडणी आधी करून दाखवायला सांगा, शक्यतो त्याच हॉलमध्ये, संध्याकाळच्या दिव्यांत. सहा महिने म्हणजे वेळ भरपूर आहे: आत्ता माणूस ठरवा, तारखेच्या दोन महिने आधी फुलांची यादी, दोन आठवडे आधी टेबलांची संख्या पक्की. त्याआधी दर आठवड्याला नवे फोटो पाठवत बसू नका, समोरचा माणूस वैतागतो आणि तुम्हीही गोंधळता.

लॉनवरची फुलं संध्याकाळी हॉलमध्ये वापरायची कल्पना चांगली आहे, पैसे वाचतात, पण ती पहिल्यापासून तशी बनवावी लागतात. स्वतःच्या भांड्यात, पाण्यासकट उचलता येतील अशी असतील तरच हलतात. कमानीला बांधलेली सोडवून परत लावणं हे फक्त बोलायला सोपं आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना भांडी ठेवा, समारंभ संपला की तीच टेबलांवर. आणि हे उचलणार कोण ते नावासकट ठरवा, पाहुण्यांपैकी नको, भावंडांपैकी नको, सगळे फोटोत असतात. डेकोरेटरची दोन माणसं त्या तासासाठी थांबतील असं ठरावातच घाला. फोटो चालू असताना बुकेही हातातून खाली ठेवायची वेळ आली की खुर्चीवर नाही, पाण्याच्या ग्लासात उभा ठेवायचा, दांड्या पुसायला एक नॅपकिन शेजारी. जपून ठेवायचा असेल तर दुसऱ्याच दिवशी सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, घाला, चार दिवस फ्लॉवरपॉटमध्ये ठेवून बघून झाल्यावर सुकवायला घेतला तर पाकळ्यांच्या कडा आधीच तपकिरी झालेल्या असतात.